लहान लेकरांसाठी रोक्युरोनियम आणि शुगामाडेक्स: दोन वर्षं वापरून

आमच्या घरच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात झाकणाचा एक डबा आहे. त्यावर मी लाल मार्करनं 'हात लावू नका' असं लिहिलंय. नवरा म्हणतो, अशानं चोर आला तर आधी तोच उघडेल. डब्यात माझी भुलेची औषधं असतात. मी 1996 पासून नांदेडात भूल देते. कुठल्या एका दवाखान्यात नोकरीला नाही. सकाळी एका नर्सिंग होममध्ये हर्निया, दुपारी दुसरीकडे टॉन्सिल, रात्री तिसरीकडे सिझर. सोबत पिशवी, बर्फाच्या लाद्या घातलेला थर्मास आणि वही. लोक 'भूलवाल्या मॅडम' म्हणतात, त्यात सगळं आलं.

दोन वर्षांपूर्वी त्या डब्यात एक बदल झाला. लहान मुलांसाठी नेहमीची म्हणून जी व्हायल मी पुढे ठेवायची, ती मागे गेली आणि तिच्या जागी स्नायू ढिले करणारं रोक्युरोनियम आलं. त्याच्या जोडीला फ्रिजबाहेर, उजेडापासून लपवून, त्याचा असर उतरवणारं शुगामाडेक्स. या जोडीचा हा अभिप्राय. पण ती का घेतली ते सांगायचं तर आधी मागे गेलेल्या व्हायलबद्दल बोलावं लागेल. तिचं नाव सक्सामेथोनियम. कुठल्याही कंपनीची असली तरी थिएटरात तिला स्कोलिनच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

घशात नळी टाकायची तर जबडा आणि स्वरयंत्र ढिलं पडावं लागतं. स्कोलिन ते पाऊण ते एका मिनिटात करतं आणि पाच-सात मिनिटांत रक्तातलं एक एन्झाइम त्याला खाऊन टाकतं. दहा मिनिटांच्या अॅडेनॉइडला, म्हणजे नाकामागच्या गाठी काढायला, याहून सोयीचं काय हवं? आमच्या पिढीनं डोळे झाकून वापरलं. रसायन म्हणून बघाल तर ते म्हणजे अॅसिटिलकोलिनचे दोन रेणू पाठीला पाठ लावून जोडलेले. स्नायूला आकुंचन पावायला सांगणारा जो निरोप्या, त्याचाच हा जुळा भाऊ. म्हणजे हे औषध स्नायूला झोपवत नाही, आधी त्याला एकदम सगळीकडून हाक मारतं, आणि मग दाराला कडीच लागू देत नाही म्हणून स्नायू लुळा पडतो. त्या पहिल्या हाकेत शरीरभर एक लाट जाते. पापणी फडफडते, गालावरून, खांद्यावरून, पोटावरून काहीतरी सरसरत पायाच्या बोटांपर्यंत जातं. तिला फॅसिक्युलेशन म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्या नर्सिंगच्या मुली दचकतात.

यातली गंमत अशी, की 1906 साली रीड हंट आणि तावू या दोघांनी हे रसायन रक्तदाबासाठी तपासलं होतं, पण ज्या प्राण्यांवर तपासलं त्यांना आधीच कुरारे, म्हणजे स्नायू लुळे करणारं विष, दिलेलं होतं. लुळ्याला आणखी लुळं काय करणार? मुख्य गुण त्यांच्या हातून निसटला तो 1949 मध्ये बोव्हे या शास्त्रज्ञाच्या कामापर्यंत.

आता माझी गोष्ट. 1999 चा पावसाळा, एक नर्सिंग होम, नऊ वर्षांचा मुलगा, टॉन्सिल. झोपवायला थायोपेंटोन, मग स्कोलिन, नळी, आणि हॅलोथेनचा गॅस. त्या काळातली रोजची रीत. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या केससाठी गेले तर त्याची आई जिन्यात उभी. "मॅडम, रागाला येऊ नका, पण रात्री आत माझ्या लेकराला कुणी हाणलं का?" पोरगा मान वळवेना, खांद्याला हात लावू देईना, लघवीला उठायचं तर भिंत धरून. घशापेक्षा बरगड्या जास्त दुखतात म्हणत होता. सर्जन म्हणाले, कॉटवर नीट झोपला नसेल. मला ठाऊक होतं काय झालंय, आणि मी ते आदल्या दिवशी तिला सांगितलं नव्हतं. एक तर पोराला दुखत होतं, वर आईच्या मनात संशय बसला. तो माझ्यामुळे.

हे दुखणं कसं असतं? कधी न खेळलेल्या माणसानं एकदम तासभर कबड्डी खेळावी आणि दुसऱ्या दिवशी उठावं, तसं. मान, खांदे, छाती, पोटाचा वरचा भाग. दोन-तीन दिवसांत जातं. जो लवकर उठून चालू लागतो त्याला जास्त दुखतं, म्हणजे सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी अशा धट्ट्याकट्ट्यांनाच त्रास. चार-पाच वर्षांखालच्या पोरांत ती लाट सहसा दिसत नाही आणि दुखणंही कमी. मोठ्या मुलांत दिसते. अडचण अशी की पाच-सहा वर्षांचं पोर 'माझे स्नायू दुखतात' असं सांगत नाही. ते किरकिरतं, कॉटवरून उतरत नाही, आणि आपण म्हणतो टॉन्सिलचं दुखतंय.

त्या जिन्यातल्या प्रसंगानंतर मी स्कोलिन सोडलं नाही, सोडण्यासारखं हाताशी दुसरं नव्हतं. मी दुखणं टाळायच्या युक्त्या करू लागले. चर्चिल-डेव्हिडसन या भूलतज्ज्ञांनी 1954 मध्येच या दुखण्यावर लिहिलं होतं. तेव्हापासून जगभरच्या भूलवाल्यांनी इतक्या युक्त्या करून पाहिल्यात की 2005 मध्ये त्या सगळ्या चाचण्या एकत्र करून कुणीतरी हिशोब मांडला तर चाचण्याच पन्नासच्या वर निघाल्या. माझ्या अनुभवात त्यातलं काय टिकलं ते सांगते.

पहिली युक्ती प्रीक्युरारायझेशन. नाव जिभेला व्यायाम आहे. स्कोलिनच्या दोन-तीन मिनिटं आधी दुसऱ्या जातीच्या स्नायू-ढिले औषधाचा, व्हेक्युरोनियमसारख्या, अगदी टीचभर डोस द्यायचा. मग ती लाट उठत नाही, उठली तरी मंद. मोठ्यांत मी हे बरंच केलं. लहानांत एकदाच पस्तावले. दहा वर्षांची मुलगी, हात मोडलेला. टीचभर डोस गेला आणि मिनिटाभरानं ती म्हणाली, "मॅडम, डोळे उघडंनात. थुंकी गिळता येईना." आवाज घोगरा झालेला, डोळ्यांत पाणी. अजून जागी होती ती. मी लगेच झोपवलं, पुढे सगळं ठीक झालं, पण जागेपणी गिळता न येण्याची ती भीती मी तिला दिली, आणि ती कशासाठी, तर दुसऱ्या दिवशी खांदे दुखू नयेत म्हणून! शिवाय त्या टीचभर डोसमुळे स्कोलिनचा मूळ डोस वाढवावा लागतो. लहान लेकरांत ही युक्ती मी बंद केली. पाचात दीड गुण.

लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, शिरेतून, किलोला दीड मिलिग्रॅम, झोपवताना. साधं, स्वस्त, दुखणं खरंच कमी करतं. पाचात साडेतीन. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं आधी दिली तरी फायदा होतो, पण टॉन्सिलच्या पोरात रक्तस्रावाची धास्ती, म्हणून तिथे हात आखडता. मॅग्नेशियम ऐकायला चांगलं, पण ते स्नायू-ढिल्या औषधांचा असर वाढवतं. एकट्या माणसानं, एका साध्या मॉनिटरवर, तालुक्याच्या ठिकाणी तो नाद करू नये. आणि एक उलटा वाटणारा धडा: स्कोलिनचा डोस चिमटीनं कमी केला तर दुखणं कमी होतं असं नाही. त्या हिशोबात किलोला दीड मिलिग्रॅमवाल्यांना एक मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा कमी दुखलं होतं. मी कित्येक वर्षं उलटंच करत होते.

इतकं सगळं करून मला जे उशिरा नीट समजलं ते हे, की या युक्त्या फक्त दुखण्यावर आहेत. स्कोलिन लहान मुलाच्या स्नायूत जे खरं नुकसान करू शकतं त्यावर यातली एकही पुरी पडत नाही.

ते नुकसान असं. त्या लाटेत स्नायूच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं. धडधाकट पोरात अर्ध्या मिलिमोलनं वाढतं, कुणाला कळतही नाही. थोडं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूतलं प्रथिनही रक्तात उतरतं. हॅलोथेनवर एकच डोस दिलेल्या मुलांत मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा ते सापडतं, हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं गेलं होतं. पण ज्या मुलाचा स्नायू मुळातच कच्चा आहे, उदाहरणार्थ ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजवत नेणारा जन्मजात आजार, त्याच्यात पेशी फुटतात, पोटॅशियम भसकन चढतं आणि हृदय थांबतं. आणि ड्युशेनचा मुलगा चार-पाच वर्षांचा असताना धडधाकटच दिसतो. पोटऱ्या तर इतर पोरांपेक्षा भरलेल्या, आजी कौतुकानं म्हणते पैलवान आहे. 1990 च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत अशा, वरून निरोगी दिसणाऱ्या मुलांचे मृत्यू समोर आले आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, स्कोलिनच्या कागदावर चौकटीतला इशारा छापला: मुलांमध्ये नेहमीच्या कामाला वापरू नका, घाईच्या नळीसाठी राखून ठेवा. बळी बहुतेक आठ वर्षांच्या आतली मुलं, मुलगेच जास्त.

हा इशारा आम्ही वाचला होता. वाचला आणि वापरत राहिलो, कारण सोय. खोटं कशाला बोलू?

एवढं मात्र झालं की मी प्रश्न विचारायला शिकले, आणि ते अजूनही विचारते, जोडी आली तरी. पोरगा चालायला कधी लागला? दीड वर्षाच्या पुढे गेला असेल तर मी खुर्ची ओढून बसते. जिना चढताना कठडा धरतो का? खाली बसला की उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो का? मग मी सरळ फरशीवर चॉकलेट ठेवते आणि म्हणते, उचल. आणि एक प्रश्न आईला, बाप बाहेर गेल्यावर: "ताई, तुमच्या माहेरी, भावांपैकी, मामांपैकी कुणी लहानपणीच चालायचं थांबलं होतं का?" हा आजार आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामा. बाप समोर असला की सासरच्यांपुढे माहेराची झाकली मूठ उघडायला बाई तयार नसते. अर्थात मामा ठणठणीत असला म्हणून सुटका नाही, बऱ्याच घरांत तो दोष त्या मुलातच नव्यानं येतो.

एकदा या प्रश्नांनी मला वाचवलं. सहा वर्षांचा, हर्निया, पोटऱ्या वेताळाच्या. चॉकलेट उचललं, पण उठताना मांडीवर हात. मी केस थांबवली. सर्जन चिडले, वडील चिडले, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं पोर तसंच परत गेलं. सीपीके, म्हणजे स्नायूंच्या नुकसानाची रक्ततपासणी, करायला लावली, आकडा भलताच वर, हजारांत आला. पुढे त्याचं ऑपरेशन मोठ्या ठिकाणी झालं, शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉलवर, ना स्कोलिन ना गॅस. (गॅसनंही अशा पोरांत स्नायू फुटू शकतो, त्यामुळे 'स्कोलिन नाही दिलं, मग झालं' असं समजू नये.) वडील नंतर कधी भेटले नाहीत. भेटले असते तरी काय बोलणार, आजाराची बातमी देणारी मीच.

आणखी एक प्रश्न फक्त आमच्याकडचा. तेलंगणाची हद्द जवळ असल्यामुळे नांदेड, देगलूर, बिलोली भागात आर्य वैश्य समाजाची घरं पुष्कळ. स्कोलिनला खाणारं जे एन्झाइम म्हटलं, ते या समाजातल्या काही माणसांत जन्मतः जवळजवळ नसतंच. एरवी आयुष्यभर काही बिघडत नाही, कळतही नाही. स्कोलिन दिलं की मात्र पाच मिनिटांचं औषध काही तास टिकतं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या मुलाला मी बॅगनं साडेतीन तास श्वास दिला, व्हेंटिलेटर नव्हता. पोरगं मस्त उठलं, माझं मनगट आठवडाभर सुजलेलं. त्या घरच्या आजोबांनी सांगितलं, "माझ्याही अपेंडिक्सला असंच झालं होतं, डॉक्टर म्हणाले फार झोपाळू आहे." आता मी आडनावावरून अंदाज करत बसत नाही, सरळ विचारते: घरात कुणी ऑपरेशननंतर उशिरा उठलं का?

तर आता जोडी.

रोक्युरोनियम 1990 च्या दशकाच्या मध्यात जगात आलं, आपल्याकडच्या छोट्या गावांत बऱ्याच नंतर. हे दुसऱ्या जातीचं. स्नायूच्या दाराला हाक मारत नाही, दारात जाऊन बसतं, बस. लाट नाही, पोटॅशियम नाही, दुसऱ्या दिवशी 'कुणी हाणलं का' नाही. जबडा अचानक लाकडासारखा घट्ट होणं, जे हॅलोथेन-स्कोलिनच्या काळात मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा माझे पाय गार पडले, तेही नाही. मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलेत अंग भयंकर तापून जिवावर बेतणं, त्याची ठिणगी टाकणाऱ्यांत याचं नाव नाही, आणि ज्या देशात त्यावरचं डँट्रोलिन कित्येक वर्षं सहज मिळत नव्हतं तिथे ही गोष्ट लहान नाही.

किलोला 0.6 मिलिग्रॅम दिलं तर लहान पोरात साधारण मिनिट-दीड मिनिटात नळीची वेळ येते. घाई असेल तर 1.2, मग स्कोलिनच्या जवळपास पोचतं. लाट न येता पोर ढिलं होतं, हे पहिल्या काही वेळा मला चुकल्यासारखं वाटायचं. लाट गेली की 'आता' असं हाताला शिकवलेलं पंचवीस वर्षं. आता घड्याळाकडे बघायचं.

तक्रार पहिली: हे औषध शिरेत झोंबतं. पोर झोपलेलं असलं तरी हात झटकन ओढून घेतं, सुई निसटते, आणि पाच वर्षांच्या पोराची शीर दुसऱ्यांदा शोधणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. उपाय आहे. दंडाला रबर बांधून आधी थोडं लिग्नोकेन, अर्धं मिनिट थांबा, सोडा, मग रोक्युरोनियम सावकाश. शीर कोपराजवळची मिळाली तर आणखी बरं. ही झटापट विचारात घेतली तर 'स्नायूंचा त्रास शून्य' असं मी म्हणणार नाही, पण झटकलेला हात दुसऱ्या दिवशी दुखत नाही.

तक्रार दुसरी, आणि हीच मोठी होती: अर्धा ते पाऊण तास उतरत नाही. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लुळं पोर घेऊन बसायचं, आणि सर्जन दारात उभे राहून 'मॅडम, पुढची केस?' म्हणून विचारणार. उतारा म्हणून निओस्टिग्मिन आहे, पण ते रोक्युरोनियम बऱ्यापैकी उतरल्यावरच काम करतं, ऐन भरात असताना दिलं तर काही होत नाही. म्हणूनच इतकी वर्षं आम्ही स्कोलिनला चिकटून राहिलो.

ही दुसरी तक्रार शुगामाडेक्सनं मिटवली. स्कॉटलंडच्या एका प्रयोगशाळेत रोक्युरोनियम विरघळवायला काही मिळतं का ते शोधत असताना हे सापडलं. साखरेच्या आठ कणांचं एक कडं, आतून पोकळ. रोक्युरोनियमचा रेणू त्या पोकळीत असा बसतो की बाहेर येत नाही, आणि ते दोघं मिळून लघवीवाटे निघून जातात. निओस्टिग्मिन भांडण मिटवायला दुसऱ्याला पाठवतं. हे भांडणाऱ्यालाच पोत्यात घालून नेतं. युरोपात 2008 मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेनं अॅलर्जीच्या शंकेनं 2015 पर्यंत थांबवलं आणि दोन वर्षांवरच्या मुलांसाठी 2021 मध्ये मान्यता दिली.

पहिल्यांदा दिलं तो सात वर्षांचा मुलगा होता, वजन 20 किलो. व्हायलमध्ये 2 मिलिलिटरला 200 मिलिग्रॅम, म्हणजे लहान पोरासाठी फार दाट. मी 10 मिलिग्रॅमला 1 मिलिलिटर असं पातळ करते, चूक व्हायला जागा नको. रोक्युरोनियमचा असर उतरणीला लागलेला असेल तर किलोला 2 मिलिग्रॅम, खोल असेल तर 4. 40 मिलिग्रॅम गेलं. मी मनात चाळीसपर्यंत मोजलं असेल, त्यानं भुवया उंचावल्या, नळीवर खोकला, हात उचलून नळीकडे नेला. इतक्या जोरात, की सिस्टर म्हणाली, "मॅडम, हा तर भांडायलाच उठला!"

आता खर्च. पिशवीत बाकी जेवढी औषधं असतात त्या सगळ्यांना ही एक व्हायल भारी पडते. भारतीय कंपन्यांची आल्यापासून आवाक्यात आली, तरी स्वस्त म्हणवणार नाही. 20 किलोच्या पोराला पाचवा हिस्सा लागतो आणि उरलेलं टाकायचं, एक व्हायल दोन पोरांत वाटून घ्यायची नाही. जिथे पॅकेज ठरलेलं असतं तिथे हा खर्च कुणाच्या खिशातून, यावर माझं एका ठिकाणी चांगलंच वाजलं. त्यांचा प्रश्न होता, "निओस्टिग्मिननं भागत नाही का?" भागतं. प्रामाणिक उत्तर आहे ते. पोर उतरणीला लागलंय हे मोजून पाहिलं असेल आणि वेळ असेल तर निओस्टिग्मिन-ग्लायकोपायरोलेटनं उत्तम भागतं, आणि मी निम्म्या केसेस आजही तशाच उठवते. शुगामाडेक्स मी ठेवते ते दहा मिनिटांच्या कामासाठी, अवघड श्वासमार्गासाठी, आणि फुफ्फुस-हृदयाच्या पोरांसाठी.

'मोजून पाहिलं असेल' यावर थोडं. मनगटावर दोन इलेक्ट्रोड, अंगठ्याच्या नसेला चार छोटे झटके, चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्याच्या किती टक्के हलतो ते यंत्र सांगतं. 90 टक्क्यांच्या वर गेलं की नळी काढायची. थिएटरातल्या लोकांना वाटतं मी पोराला शॉक देतेय. नुसत्या डोळ्यांनी अंगठा बघून फसगत होते, मी स्वतः फसलेय. पोर उठलं, रडलं, आणि बाहेर कॉटवर गेल्यावर पापण्या अर्ध्या मिटलेल्या, श्वास उथळ. हे यंत्र घेतलं नाही आणि नुसती महागडी व्हायल घेतली, तर नवी गाडी घेऊन ब्रेक न बसवल्यासारखं. यंत्राला पाचात पाच. त्याच्या वायरींना दोन, सहा महिन्यांत एक तुटली.

शुगामाडेक्सची खोडी: क्वचित नाडी एकदम मंद होते, म्हणून नाडी वाढवणारं अॅट्रोपिन भरून ठेवायचं. अॅलर्जी, क्वचित पण गंभीर. अॅट्राक्युरियम या दुसऱ्या स्नायू-ढिल्या औषधावर याचा काडीचा उपयोग नाही, हे नव्या शिकाऊ डॉक्टरांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं. आणि रोक्युरोनियमला 2 ते 8 अंश लागतात. नांदेडच्या मे महिन्यात, लाइट गेलेली, थर्मासमधला बर्फ दुपारीच पाणी झालेला, तेव्हा या जोडीतला एक जोडीदार फार नाजूक आहे. स्कोलिनलाही फ्रिज लागतोच.

आता तो प्रसंग, ज्याच्यामुळे मी डब्यातून स्कोलिन कधीच काढणार नाही.

गेल्या पावसाळ्यात नऊ वर्षांचा मुलगा, 22 किलो, टॉन्सिल. रोक्युरोनियम, शुगामाडेक्स, चार वाजता मजेत उठला. साडेसहाला फोन: रक्त येतंय, गिळतोय. मी पोचले तेव्हा दोनदा काळी उलटी झालेली, नाडी पळतेय. पोटात रक्त, तोंडात रक्त, नळी मिनिटाभरात पडली पाहिजे. आणि त्याच्या अंगात अडीच तासांपूर्वीची ती साखरेची कडी फिरतायत, पोतं उघडून बसलेली. त्यात रोक्युरोनियम ओतलं तर किती सापडेल आणि किती उरेल? जास्त डोसनं जमेल असं पुस्तक म्हणतं, पण किती सेकंदांत, याची खात्री मला त्या खोलीत हवी होती. मी डब्यातली मागची व्हायल काढली. चालायला कधी लागला, मामा कसे आहेत, हे सगळं सकाळीच विचारून वहीत लिहिलेलं होतं. ते एकदा वाचलं. सलाईन जोरात, लिग्नोकेन, अॅट्रोपिन, मग स्कोलिन. पापणी फडफडली, खांद्यावरून पोटाकडे लाट गेली. किती महिन्यांनी बघितली ती! पन्नासाव्या सेकंदाला नळी आत होती.

स्वरयंत्र आवळलं आणि शीरच हाती नाही, अशा वेळीही हेच, दंडात टोचलं तरी चालतं. रोजच्या टॉन्सिलला पाचात एक, अशा रात्री पाचात पाच.

रक्त थांबल्यावर साडेनऊला मी त्याच्या आईजवळ बसले. म्हटलं, "ताई, आता याला नाइलाजानं दुसरं औषध द्यावं लागलं. उद्या मान, खांदे, छाती दुखेल. कबड्डी खेळल्यासारखं. कुणी काही केलेलं नाही, दोन दिवसांत जाईल. पॅरासिटामॉल वेळेवर द्या, आणि दुसरी दुखण्याची गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका, पुन्हा रक्त येईल. उद्या जिना नको." तिनं मान डोलावली, मग विचारलं, "तेल लावलं तर चालतं का मॅडम?"

दुसऱ्या दिवशी गेले तर आजी त्याचे खांदे चोळत बसलेली, आणि तो बर्फाचा गोळा चोखत टीव्ही बघत होता. मान वळवायची नाही म्हणून अख्खा देहच माझ्याकडे फिरवून म्हणाला, "दुखतंय. तुम्ही सांगितलं होतं तसंच."

घरी येऊन स्कोलिनची नवी व्हायल डब्यात ठेवली, मागच्या बाजूला. शुगामाडेक्सच्या मात्र आता दोन ठेवते. नळी पडली नाही आणि 1.2 चा डोस तिथल्या तिथे उलटवायची वेळ आली तर मोठ्यांसाठी ठरलेल्या हिशोबानं किलोला 16 लागतात. 20 किलोच्या पोराला 320 मिलिग्रॅम होतात, आणि एका व्हायलमध्ये 200 च असतात. विकणाऱ्यानं हे मला सांगितलं नव्हतं.